चारठाण्यापर्यंत कॅमेरा पोचायला एवढा वेळ का लागला?

बसमध्ये हेडफोन लावून, अभ्यासिकेच्या बाहेर चहा पीत, नाहीतर शेतात मोटर चालू करून बांधावर बसून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलतानाचा थोडा पसारा काढलाय, बाकी सगळं तसंच आहे.

आजचा विषय तुमच्या रोजच्या फीडमधला आहे. शहरात राहणारा एक माणूस. आठवडाभर नोकरी, शनिवारी पहाटे बॅग भरायची, त्यात कॅमेरा, माइक, दोन पॉवर बँक, जमलंच तर ड्रोन. गाडी काढायची, कुठंतरी जायचं, जे दिसेल ते दाखवायचं, आणि मध्येच ‘हा नवीन माइक कसा आहे ते पण बघूया’ म्हणत तंत्रज्ञानाचंही बोलायचं. व्लॉगर! मी पुण्यात हेच करतो, त्यामुळे या जमातीचे गुणदोष मला घरचे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर व्लॉगर कशाला? यूट्यूबवर पहिला व्हिडिओ पडला २३ एप्रिल २००५ ला. एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून १९ सेकंद बोलतो, बस. म्हणजे हा इतिहास जेमतेम वीस वर्षांचा. पण नवं यंत्र घ्यायचं, ते पाठीवर टाकून बाहेर पडायचं, आणि पाहिलेलं घरी बसलेल्या लोकांना दाखवायचं, हे आपल्याकडे दीडशे वर्षांहून जास्त काळ चाललंय. ती गोष्ट मला परभणी जिल्ह्यातल्या एका गावापर्यंत आणायची आहे. गावाचं नाव चारठाणा. तालुका जिंतूर.

ओली काच आणि पळापळ

सुरुवात मुंबईपासून. १८५४ मध्ये तिथं बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव तुम्ही म्युझियममुळे ऐकलं असेल. ते आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघंही या मंडळींत होते. नारायण दाजी तर स्वतः चांगले फोटोग्राफर. त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. आज आपण ज्याला ‘कंटेंट क्रिएशनचा कोर्स’ म्हणतो, तो मुंबईत १८५५ च्या आसपास होता म्हणा ना!

पण तेव्हाचं शूट म्हणजे काय प्रकार होता ते ऐका. १८५१ मध्ये इंग्लंडमध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत काढली. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, आणि ती ओली आहे तोवरच फोटो काढून लगेच धुवायचा. दहा-पंधरा मिनिटांत सगळं उरकायचं. काच वाळली की संपलं. म्हणजे जिथं फोटो काढायचा तिथंच काळोखी तंबू ठोकायचा, बाटल्या, काचा, स्वच्छ पाणी सगळं सोबत. मराठवाड्याच्या उन्हात ती काच किती वेळ ओली राहत असेल, विचार करा. आपण ‘बॅटरी वीस टक्क्यांवर आली’ म्हणून घाबरतो.

याचा परिणाम सरळ आहे. ज्याच्याकडे बैलगाड्या, माणसं आणि सरकारी पत्र, तोच बाहेर जाऊन फोटो काढणार. आणि एवढा खटाटोप करायचा तर जाणार कुठं? जे आधीच गाजलेलं आहे तिथं. वेरूळ, अजिंठा, दौलताबाद. आजचं अल्गोरिदम जे करतं, तेच तेव्हा बैलगाडी करत होती.

अजिंठ्याचा बॅकअप

अजिंठ्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्यापैकी प्रत्येकाचं कधीतरी मेमरी कार्ड गेलंय.

मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला पाठवलं. माणूस तिथंच राहिला. वर्षानुवर्षं लेण्यांच्या अंधारात बसून त्याने मोठमोठी तैलचित्रं केली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. आणि डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली. जवळजवळ सगळं जळालं.

गिलने तोवर कॅमेराही हातात घेतला होता. त्याने काढलेले लेण्यांचे फोटो जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपाने छापून झाले होते. छापलेलं होतं म्हणून ते अनेक ठिकाणी पोचलं, आणि म्हणून टिकलं.

पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला गेले. पुन्हा नकला, पुन्हा अनेक वर्षांची मेहनत, पुन्हा लंडन. आणि १८८५ मध्ये पुन्हा आग! त्यातही बरीच चित्रं गेली.

दोनदा. एकाच शहरात. एकच प्रत एका जागी ठेवली की काय होतं, याचं यापेक्षा महागडं उदाहरण मला माहीत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून टोचते. आपल्या दगडातली चित्रं बघायची तर ती आपल्याकडून उचलून लंडनला न्यायची, हेच तेव्हा सगळ्यांना साहजिक वाटत होतं. अजिंठ्याखालच्या गावातल्या माणसाला कुणी ती प्रत दाखवली का?

निजामाचा मुलूख

आता आपल्या गावाकडे सरकूया. चारठाणा तेव्हा निजामाच्या राज्यात. ते हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला भारतात आलं, ही तारीख मराठवाड्यातल्या लेकराला पाठ असते. त्यामुळे इथल्या वास्तूंचे फोटो काढायचे, नोंदी करायच्या, हे काम मुंबईचं नव्हतं, हैदराबादचं होतं.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या दरबारात भारतातला त्या काळचा सगळ्यात मोठा फोटोग्राफर होता. लाला दीनदयाळ. निजामाने त्यांना ‘राजा’ ही पदवी दिली, म्हणून राजा दीनदयाळ. १८९२ च्या सुमाराचा त्यांचा निजामाच्या मुलखाच्या दृश्यांचा अल्बम प्रसिद्ध आहे. राजवाडे, किल्ले, वेरूळ. एकेक फोटो असा की आजही थांबून बघावा.

मग १९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं पुरातत्त्व खातं सुरू झालं. प्रमुख गुलाम याझदानी. हा माणूस कामाचा होता. अजिंठ्याची चित्रं वाचवायला इटलीहून तज्ज्ञ आणले गेले, रंगीत फोटो काढले गेले, आणि याझदानींचा ‘अजंता’ हा ग्रंथ चार भागांत १९३० ते १९५५ या काळात निघाला. रंगीत फोटो तेव्हा! आपल्या फोर-केची तेव्हाची आवृत्ती समजा.

पण सगळा प्रकाशझोत पुन्हा कुठं? अजिंठा, वेरूळ. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास जालना, सेलू, परभणीवरून गेली. चारठाणा त्या रुळांपासून बाजूलाच राहिलं. कॅमेरा नेहमी रस्त्यामागून चालतो. आधी रेल्वे, मग डांबरी, मग टॉवर. गावात काय आहे यावर ते ठरत नाही, गावापर्यंत काय पोचतं यावर ठरतं.

सावेदादा आणि २१ गिनींचा कॅमेरा

फोटो झाले, आता हलत्या चित्रांकडे या. ७ जुलै १८९६. मुंबईतलं वॉटसन हॉटेल. ल्युमिएर बंधूंच्या माणसांनी तिथं सिनेमा दाखवला, तिकीट एक रुपया. प्रेक्षकांत एक मराठी फोटोग्राफर होता. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणायचे.

बघून घरी जाणं वेगळं आणि ‘हे यंत्र मला पाहिजे’ म्हणणं वेगळं. सावेदादांनी इंग्लंडहून रायली ब्रदर्सचा कॅमेरा मागवला. किंमत २१ गिनी. आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती लावून ती चित्रित केली. पैलवान पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी. फीत धुवायला लंडनला पाठवावी लागली. म्हणजे आज शूट केलं आणि फुटेज कसं आलंय ते कळायला कित्येक आठवडे.

पुढे डिसेंबर १९०१. रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजहून मुंबईत परतले. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला येणारा पहिला भारतीय. त्यांच्या स्वागताला गर्दी लोटली आणि सावेदादा कॅमेरा घेऊन तिथं हजर! भारतीय माणसाने टिपलेली पहिली बातमी म्हणून तिचा उल्लेख होतो. मला त्यात व्लॉगरच दिसतो. स्टुडिओ नाही, पटकथा नाही. आपल्या शहरात आज काहीतरी घडतंय आणि माझ्याकडे यंत्र आहे, चला. शहरातला माणूस, शहरातली घटना, स्वतःचे पैसे.

त्या फिती आज आपल्याला बघायला मिळत नाहीत. पुन्हा तोच प्रश्न, बॅकअपचा.

फाळके: गावाबाहेर पडलेला टेक-व्लॉगर

दादासाहेब फाळके म्हटलं की ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, संपलं. शाळेत एवढंच शिकवतात. मला त्यांच्या आधीच्या आणि बाजूच्या गोष्टी जास्त आवडतात.

एक: फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरीला होते. १९०३ मध्ये लागले, काही वर्षांत सोडली. म्हणजे जुन्या वास्तूंसमोर कॅमेरा लावणं हे त्यांचं कधीकाळी पोटापाण्याचं काम होतं.

दोन: १९१२ मध्ये ते लंडनला गेले. पंधरा दिवसांची ट्रिप म्हणा. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकाला गाठलं, हेपवर्थच्या स्टुडिओत जाऊन काम बघितलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ठरवला आणि एप्रिलच्या सुरुवातीला परत. यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली होती. गॅजेटसाठी ईएमआय काढणाऱ्यांनो, परंपरा मोठी आहे.

तीन: कॅमेरा आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय शूट केलं? देव नाही, राजा नाही. कुंडीत लावलेला वाटाणा. महिनाभर थोडी थोडी फीत फिरवून त्यांनी बी उगवून वर येतं ते मिनिटाभरात दाखवलं. ‘अंकुराची वाढ’. टाइमलॅप्स! ते पाहून लोकांचा विश्वास बसला, कर्ज मिळालं, आणि मग मोठा सिनेमा झाला.

चार: नंतर त्यांनी तळेगावच्या काच कारखान्यावर लघुपट केला, आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, आणि १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ यावर एक फिल्म केली. त्यातला काही भाग आजही आहे. त्यात फाळके स्वतः दिसतात. काम समजावून सांगताना, फीत तपासताना. कॅमेऱ्यामागचा माणूस कॅमेऱ्यापुढे आला आणि म्हणाला, हे बघा, हे असं करतात. आपण आज हेच करतो आणि त्याला ‘बिहाइंड द सीन्स’ म्हणतो.

आणि सरस्वतीबाई फाळके? फितीला भोकं पाडायची, ती अंधारात धुवायची, शूटिंगच्या माणसांना जेवू घालायचं, हे सगळं त्या करायच्या. कुठल्याही व्लॉगरच्या घरी एक सरस्वतीबाई असते, तिचं नाव व्हिडिओखाली कधी येत नाही. आज घरी जाऊन तेवढं एक करा.

मग चारठाणा

आता उडी मारतो थेट २०१६ मध्ये. ५ सप्टेंबर २०१६, जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला. १८५५ मध्ये ज्या कामाला बैलगाड्या, तंबू आणि सरकारी पत्र लागत होतं, ते काम आता खिशात मावायला लागलं. रेल्वेपासून बाजूला राहिलेली गावं पहिल्यांदा कॅमेऱ्याच्या वाटेवर आली.

जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडे जाताना चारठाणा लागतं. जुनी देवळं, कोरीव खांब, बारव. गोकुळेश्वराचं देऊळ आहे. एक उंच दगडी स्तंभ आहे, तो बघायला मान अशी मागे टाकावी लागते. गावात फिरताना कुठं ओट्याला, कुठं भिंतीत जुन्या देवळाचा घडीव दगड दिसतो. लोक रोज त्याच्या शेजारून दूध घेऊन जातात.

मी तिथं गेलो तेव्हा स्तंभाजवळ ट्रायपॉड लावला. एक काका येऊन उभे राहिले. धोतर, टोपी, हातात पिशवी.

“कुठून आलाव?”

“पुण्याहून, काका.”

“खांबाचा फोटू काढायलाव? काढा. पन एक सांगू का? मागं एक जन आलता असाच. ह्या खांबाला दहा हजार वर्सं झाली म्हनून मोबाइलवर टाकलंय. आमचा बा म्हनायचा, यादवाच्या टायमाचं हाय हे समदं. आता आमची लेकरं मोबाइल बगून आमालाच शिकवायलेत, दहा हजार म्हनून.”

मंडळी, मला वाटतं आजच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. कारण इथं फक्त आकडा चुकलेला नाही. बापाकडून मुलाकडे आलेली आठवण एका थंबनेलने पुसली. गिलची चित्रं आगीत गेली, सावेदादांच्या फिती काळात गेल्या. इथं वस्तू जागेवर उभी आहे, आणि तिची गोष्ट जातेय.

काकांचा बाप बरोबर दिशेने बोलत होता. मराठवाड्यातली अशी दगडी देवळं साधारणपणे चालुक्य आणि यादव काळातली, म्हणजे आठशे-हजार वर्षांपलीकडची. आपण त्या सगळ्यांना सरसकट ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री, म्हणजे हेमाडपंत, हे तेराव्या शतकात महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या काळातले मोठे अधिकारी. पण चुन्याशिवाय दगडात दगड बसवायची रीत त्यांच्या आधीपासून होती, आणि ‘हेमाडपंती’ म्हणून दाखवली जाणारी कितीतरी देवळं त्यांच्या जन्माआधीची आहेत. ही खरी गोष्ट दहा हजार वर्षांच्या गप्पेपेक्षा मजेदार नाही का? आठशे वर्षं दगड एकमेकांच्या आधाराने उभे आहेत, मध्ये चुना नाही. यावर व्हिडिओ बनवा ना, मी पहिला लाइक करतो.

आता आपण काय करायचं

उपदेश नाही, कामाच्या चार गोष्टी.

पहिली, ठिकाण. सुटी पडलेली कोरीव मूर्ती दिसली तर तिचं अचूक लोकेशन जाहीर टाकू नका. व्हिडिओ तुमचे मित्र बघतात तसे मूर्तिचोरही बघतात. गावकऱ्यांना सांगा, पुरातत्त्व खात्याला कळवा. नांगरताना काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. तो कायदा १८७८ पासून आहे.

दुसरी, ड्रोन. २०२१ च्या नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला बऱ्याच सवलती आहेत, पण संरक्षित स्मारकावर उडवायचा तर परवानगी लागते. आणि देवळात पूजा चालू असताना वर भुणभुण करायची नाही, याला कुठला नियम लागतो? घरचं वळण पुरतं.

तिसरी, प्रती. मूळ फुटेज कमीत कमी दोन जागी ठेवा. आणि एक प्रत गावातल्या कुणाला तरी द्या. शाळेला, ग्रंथालयाला, ग्रामपंचायतीला. लंडनच्या दोन आगी आठवा.

चौथी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. दगडासमोर उभं राहून स्वतःच बोलण्याआधी, त्या दगडाशेजारी राहणाऱ्या माणसापुढे माइक धरा. नाव विचारा, परवानगी घ्या, त्याच्या बोलीत बोलू द्या. तो सांगेल ते सगळं पुराव्याला टिकेलच असं नाही. ते तपासायचं काम आपलं. पण गावात त्या जागेला काय म्हणतात, पूर्वी बारवेचं पाणी कोण भरायचं, जत्रेत दिवे कुठं लावायचे, हे याझदानींच्या ग्रंथात नाही आणि दीनदयाळांच्या फोटोतही नाही. ते फक्त त्या पिढीकडे आहे. दगड आणखी पाचशे वर्षं थांबेल. ते काका थांबणार नाहीत.

आणि चारठाणा, जिंतूर, सेलू, वालूर, पिंगळी, त्या पट्ट्यातून ऐकणाऱ्या माझ्या दोस्तांनो, खास तुमच्यासाठी एक सांगतो. दीडशे वर्षं कॅमेरा बाहेरून आला. मद्रासहून, मुंबईहून, हैदराबादहून, आता पुण्याहून. प्रत्येक वेळी बाहेरच्याने ठरवलं काय दाखवायचं. आता पहिल्यांदा तुमच्या हातात तेच यंत्र आहे जे माझ्या हातात आहे. वालूरची गोल गोल उतरणारी बारव तुम्ही सकाळच्या उन्हात, पावसाळ्यात, दुष्काळात, तिन्ही वेळा शूट करू शकता. मी फक्त एका रविवारी. फाळक्यांनी महिनाभर वाटाण्यासमोर कॅमेरा लावला कारण वाटाणा त्यांच्या घरात होता. तुमच्या घराशेजारी जुनी बारव आहे.

तर यावेळी गृहपाठ. आपल्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जा, आडव्या फोनवर दहा मिनिटं बोलतं करा, गावातल्या एका जुन्या जागेबद्दल. फिल्टर नको, संगीत नको. आवाज स्पष्ट आला पाहिजे, पंखा बंद करा. आणि काही चॅनेलवर टाकलं नाही तरी चालेल, पण दोन जागी सेव्ह करा.

पुढच्या भागात रेडिओकडे वळूया. मराठवाड्यात आकाशवाणीवर शेतीचे कार्यक्रम ऐकत मोठी झालेली पिढी, हा विषय. तोवर चार्जर सोबत ठेवा. भेटूच.